बिंबाच्या कडेला

१

गाडीतून उतरली, की मोमी आधी थोडा वेळ नुसती उभी राहायची. ढग पायांच्या खाली पसरलेले असत, वारा कानात सुया टोचत असे, आणि ती ओठांतल्या ओठांत डोंगराची परवानगी मागत असे. आजीने शिकवलेले ते चार शब्द म्हटल्याशिवाय तिने माथ्यावर पाऊल टाकलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या वरचढ आवाजात भजन म्हणणारीही हीच मोमी. देवाचं देवाला, डोंगराचं डोंगराला. दोघांनीही आजवर तक्रार केली नव्हती.

वेधशाळेत मोठमोठे घुमट होते, त्यांत रात्री काम करणारी मोठमोठी माणसं होती. मोमीची खोली सगळ्यांत लहान. छपरातून तिरकी खाली आलेली एक लांब नळी, नळीच्या तोंडाशी एक फळी, फळीवर पांढरा कागद. छपराला झाकण होतं, दोरी एकदा ओढली की उघडणारं, परत ओढली की पडणारं. ते उघडलं, की सूर्य त्या नळीतून उतरून कागदावर येऊन बसायचा. जेवायच्या ताटाएवढं शांत, पिवळसर बिंब. मग मोमी पेन्सिल घ्यायची आणि त्याच्यावरचे डाग जिथल्या तिथे उतरवायची. काळा गाभा, भोवती करडी झालर. आकाश स्वच्छ असेल त्या प्रत्येक सकाळी एक चित्र.

हा नेम तिच्या आधी ओशिरो म्हाताऱ्याने चालवला होता आणि त्याच्या आधी त्याच्या गुरूने. युद्धाच्या दिवसांत बेटावरचे दिवे बंद असायचे, तेव्हाही चित्र चुकलं नव्हतं. हातात पेन्सिल देताना ओशिरो एवढंच म्हणाला होता, "सूर्य रोज येतो. आपण गैरहजर राहायचं नाही."

आता मोमीचे गुडघे जिना नको म्हणत होते. संचालकांनी गोड शब्दांत सांगितलं होतं, की पेन्सिल घेणारं कुणी पुढे आलं तर आनंदच आहे. नाही तर या वर्षीच्या जत्रेनंतर, म्हणजे गावाला वर बोलावून सगळे घुमट दाखवतात त्या दिवसानंतर, हाताने काढायचं थांबवू. फोटो तर शेजारच्या नळीतून निघतातच.

आणि कुणी पुढे यायच्या आत मोमीची नात इवा म्हणाली होती, "मी घेते, टुटू."

टुटू म्हणजे आजी. पलीकडच्या बेटावर, हिलोच्या कॉलेजात आकाशाचं शास्त्र शिकून आलेली, लांब बोटांची, कमी बोलणारी पोर. मोमीने ही बातमी चर्चमध्ये सांगितली, वाणसामानाच्या दुकानात सांगितली, पेट्रोल भरणाऱ्या माणसाला तर गाडीची काच खाली करून सांगितली. डोंगराखालच्या कुला गावात आता हे माहीत नसलेलं फक्त एखादं तान्हं मूल उरलं असेल.

२

आठवड्यातून दोनतीनदा शाळेची मुलं यायची. दारात चपलांचा ढीग, आत तोंडातून वाफा काढत दाटीवाटीने उभी पोरं. मुलांचं एक असतं. कागदावर काहीतरी उमटतंय म्हटल्यावर ती पुढे वाकतात, आणि वाकली की डोकी उजेडात येतात. बिंबाचा अर्धा भाग गिळला जातो. मोमी मान वर न करता म्हणायची, "डोकं मागे घे, बाळ. सूर्य सगळ्यांचा आहे." डोकं मागे जायचं. परत यायचं. परत मागे. इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या जिभेला श्वासासारखं झालं होतं.

त्या दिवशी शाळा नव्हती. खोलीत मोमी आणि नळी फिरवणाऱ्या यंत्राची टिकटिक, बाकी कुणी नाही. डाव्या बाजूला डागांचा एक छान झुबका आला होता आणि ती त्याची झालर भरण्यात गुंगली होती. बिंबाच्या वरच्या कडेला काहीतरी गोल, काळं आत आलं.

"डोकं मागे घे, बाळ," मोमी म्हणाली.

ते मागे गेलं.

तिने आणखी दोन डाग उतरवले. मग तिचा हात थांबला.

३

पक्षी असेल, हे तिने पहिल्यांदा मनाशी म्हटलं. पण पक्षी सरकत जातो, थांबत नाही. विमानही थांबत नाही. कधी कधी एखादा ग्रह बिंबावरून जातो, पण त्याची वर्दी आधीच मिळते आणि तो काही कुणाचं ऐकून मागे फिरत नाही. शिवाय खोलीतल्या डोक्याची सावली कशी असते ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मोठी, भुरकट, कडा विरघळलेली. हे तसं नव्हतं. सूर्याची कड जितकी रेखीव होती, तितकंच ते रेखीव होतं. म्हणजे जे काही होतं, ते खोलीत नव्हतं. सूर्य जिथे होता तिथे होतं.

ती शेजारी मॅनीकडे गेली. मॅनी मेदेरोस कॅमेऱ्याच्या नळीवर होता. पोट सुटलेला, सतत काहीतरी चघळणारा, पन्नाशीचा माणूस. त्याच्या बायकोने केलेले मालासादा, म्हणजे तळून साखरेत घोळवलेले पिठाचे गरम गोळे, टेबलावर होते.

"मॅनी, आत्ताचे फोटो दाखव बरं. वरची कड."

त्याने दाखवले. कड गुळगुळीत.

"काय हरवलं आंटी? सूर्याचा तुकडा पडला का?"

"काहीतरी आडवं आलं होतं."

"डोळे तपासून घ्या. आमच्या आईने मागच्या महिन्यात चर्चमध्ये खांबाला नमस्कार केला. फादर समजून."

"तुझ्या आईला माझा निरोप दे, की निदान खांब कमी बोलतो."

मॅनी हसला, तीही हसली, एक मालासादा खाल्ला आणि परत आली. डोळेच असतील. साठी कधीच उलटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दोरी ओढली तेव्हा बिंब स्वच्छ होतं. तिने पेन्सिल उचलली आणि कडेला ते आलं.

या वेळी ती काही बोलली नाही. ओशिरोने शिकवलं होतं तसं केलं. फळीवरचा कागद हळूच हलवला. कागदावरचा ठिपका असता तर कागदाबरोबर हलला असता. ते हललं नाही. भिंग फिरवलं; भिंगावरची धूळ असती तर गोल फिरली असती. ते फिरलं नाही. गोल, काळं, कडेवरून आत आलेलं, खाली थोडं निमुळतं. मानेसारखं.

मग ते एका बाजूला कललं. समोरच्याचा हात आड येतोय आणि चित्र दिसत नाही, म्हणून मूल कलतं ना, अगदी तसं.

आणि मोमीने, काही विचार न करता, त्याला दिसावं म्हणून आपला हात बाजूला घेतला.

४

पुढे ते रोज येऊ लागलं. माणसाला कशाचीही सवय होते, आणि मोमीला तर बघ्यांची सवय होतीच. घरी येऊन ती भात लावायची, मासा भाजायची, जेवणाआधी मान खाली घालून प्रार्थना करायची आणि त्या प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायची. नाव माहीत नव्हतं म्हणून "तो जो कोण आहे तो" असं म्हणायची. वाईट वाटायला लावणारं त्याने काहीच केलं नव्हतं. मग रात्री पाठ गार का पडायची, हे तिला सांगता आलं नसतं.

एके सकाळी ती त्याच्याशी बोलली. "हा बघ, हा काल इथे होता. आज सरकला. सूर्य स्वतःभोवती फिरतो ना, म्हणून." पोरांना सांगायची तेच शब्द, तोच सूर.

दुसऱ्या दिवशी कडेला दोन होती.

मग चार. मग वरची कड अशी दिसू लागली, जशी विहिरीच्या काठावर माणसं जमावीत. सूर्य ही विहीर आणि आपण तळाशी. हा विचार आला तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली आणि उगाच कोट घट्ट केला. यंत्र टिकटिकत होतं. छपरावर वारा होता. बाकी काही नाही. एवढी सगळी जमली होती आणि एवढासा आवाज नव्हता. पोरं जमली की नाक तरी ओढतात.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने देवालाही सांगितली नाही. तिचं चित्र सुधारलं होतं. झालर इतकी नाजूक तिच्या हातून कधी उतरली नव्हती. कुणीतरी इतक्या लांबून, इतक्या मन लावून बघत होतं आणि तिचा हात त्यांच्यासाठी सजून येत होता. संचालक स्वतः जिना चढून आले, चित्रं बघून म्हणाले, "मोमी, तुमच्या उमेदीच्या वर्षांतही असं काम नव्हतं." अभिमानाने तिचा चेहरा तापला, आणि ती नजर चुकवून पेन्सिलीला टोक काढू लागली.

त्या आठवड्यातच कडेवरून हात आला.

आधी वाटलं, नवा डाग. मग त्याला फांद्या फुटल्या. बारीक, लांब, मोजायला गेलं तर दर वेळी वेगळ्याच भरणाऱ्या. बिंबावरून ती बोटं सरकत आली, सावकाश, कुणी रागावेल की काय अशा भीतीने यावं तशी. कुठे निघाली होती ते मोमीला लगेच कळलं. तिच्या पेन्सिलीच्या टोकाकडे.

"मागे," ती म्हणाली.

हात थांबला. मागे मात्र गेला नाही.

तिने दोरी ओढली. झाकण पडलं. अंधारात ती कितीतरी वेळ फळीला टेकून उभी होती. अर्धं राहिलेलं चित्र तिने दुपारनंतर, हवा उन्हाने तापून थरथरत असताना, कसंबसं पुरं केलं. तेव्हा कडेला कुणी नव्हतं.

मुलं तिला चांगली माहीत होती. आधी ती नुसती बघतात. मग विचारतात. आणि मग म्हणतात, मला द्या ना, मी काढतो.

५

"तू हे घेऊ नकोस," मोमी म्हणाली.

इवा ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीचे मुसुबी वळत होती. भाताच्या मुटक्यावर मांसाची कापटी, वरून शेवाळ्याची पट्टी. तिचे हात थांबले नाहीत.

"टुटू, पेट्रोल पंपावरच्या माणसाने काल माझं अभिनंदन केलं. मी त्याला ओळखतसुद्धा नाही."

"सांगीन मी त्याला."

"काय सांगशील?"

मोमीने बाहेर बघितलं. खिडकीतून डोंगराचा माथा दिसत होता, संध्याकाळच्या उजेडात तांबूस.

"माझा हात चांगला नाही का?" इवाने विचारलं. आवाज सरळ होता, पण पट्टी वाकडी बसली.

"तुझा हात माझ्याहून चांगला आहे."

"मग?"

"म्हणूनच."

इवा तिच्याकडे वळली. "मला लहानपणी तू मांडीवर घेऊन सूर्य दाखवायचीस. बाकीच्या आज्या टीव्ही दाखवायच्या. मी तेव्हाच ठरवलं होतं. आता तू हो म्हण नाहीतर नको म्हण, पण नीट कारण सांग. उगीच भाताला शिळा वास येतो म्हटल्यासारखं नको."

कारण सांगितलं तर पोर दवाखान्यात घेऊन जाईल. किंवा, त्याहून वाईट, विश्वास ठेवेल आणि बघायला म्हणून जाईल. मोमीने बराच वेळ कपबशी विसळली.

"जत्रेच्या दिवशी तू काढ," ती शेवटी म्हणाली. "मी शेजारी उभी राहीन, दोरी हातात धरून. मी ओढली तर पेन्सिल टाकायची आणि डोंगर उतरायचा. का म्हणून विचारायचं नाही. परत वर जायचं नाही. मग चित्रं बंद पडली तरी चालतील."

हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघालं तेव्हा इवाने मुसुबी खाली ठेवला. आजीला काय झालंय ते तिला कळलं नाही, पण किती झालंय ते कळलं.

"बरं," ती म्हणाली.

६

जत्रेला सगळा डोंगर माणसांनी भरला होता. सकाळच्या पहिल्या उन्हात गाड्यांची रांग ढगातून वर येत होती. कुणी गिटार आणली होती, कुणी फुलांच्या माळा. इवाच्या गळ्यात इतक्या माळा पडल्या की हनुवटी दिसेना. त्या तिने काढून मोमीच्या गळ्यात घातल्या. मॅनी दाराशी माणसं मोजून आत सोडत होता. "आंटीची नात काढतेय. पुढच्यांनी बसा, मागच्यांनी उंच व्हा."

मोमीने देवाचं नाव घेतलं, डोंगराचं घेतलं, आणि दोरी मनगटाला एक वेढा देऊन धरली.

बिंब उतरलं. लोकांतून हलकं "आ" झालं. इवाने वर्तुळ ओढलं, एका दमात, कंपास नाही की काही नाही. मग डाग. तिचा हात बघून मोमीचे डोळे भरून आले. ओशिरो असता तर त्याने टोपी काढली असती.

"ए, डोकं कुणाचं आहे?" मागून एक बाई म्हणाली. "वरती. सूर्य झाकतोय."

"माझं नाही. तुझ्या भावाचं असेल, त्याचंच एवढं मोठं आहे."

"मी तर बसलोय."

"आणि हे खालचं कुणाचं? सरका की जरा."

लोक एकमेकांना ढकलत होते, हसत होते, मागे होत होते. मोमी हसली नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, बिंबाच्या सगळ्या कडेने ती डोकी आली होती. खांद्याला खांदा, एकाच्या मागे दुसरं. सूर्य चहूबाजूंनी कुरतडल्यासारखा दिसत होता. एवढी तिने कधीच बघितली नव्हती. आणि मग एकदम, सगळ्या बाजूंनी, हात आत येऊ लागले.

ते सगळे इवाच्या पेन्सिलीकडे निघाले होते.

मोमीची बोटं दोरीवर आवळली. एक हिसका. एकच. समोर चित्र पाऊणएक झालं होतं, मागे ओशिरो होता, त्याच्या मागे त्याचा गुरू होता, आणि खाली वाकलेली ही पोर होती, तिची, मांडीवरची. तिने दोरी ताणली.

"असं नाही हं," इवा म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती. पेन्सिल चालूच होती. आवाज अगदी साधा, पोरांना बोलतात तसा, प्रेमाचा आणि जरा दटावणीचा.

"असं सगळ्यांनी एकदम नाही. रांग लावा. सगळ्यांना मिळेल."

खोलीतली मुलं धडपडून उठली आणि भिंतीलगत रांगेत उभी राहिली. मोठी माणसं हसली. मॅनी म्हणाला, "आजीवर गेली आहे."

आणि बिंबावरचे हात मागे गेले. डोकी हलली, पांगली, कडेवरून एकेक नाहीशी झाली. वरच्या बाजूला फक्त एक राहिलं. त्याच्या मागे, लांबवर, अगदी बारीक होत गेलेलं काहीतरी ओळीने होतं, की तसा भास होता, ते मोमीला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. ते एक सोडलं, तर सूर्य लख्ख, पुरा, गोल झाला. इवाने शेवटचा डाग उतरवला, तारीख घातली आणि खाली आपलं नाव लिहिलं.

टाळ्यांनी छप्पर हललं. मोमीने दोरी सोडली. मनगटावर तिचा लाल वळ उठला होता. भोवतीचे लोक तिला मिठ्या मारत होते, आणि ती सगळ्यांना एकच सांगत होती, "माझी नात. माझ्या मुलीची मुलगी."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदाच घरी होती. कॉफी केली, प्यायली नाही. बाहेरचं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं आणि तिने त्याच्याकडे पाठ केली होती.

काल मोठी माणसं बाहेर पडल्यावर खोलीतल्या मुलांची रांग इवाने संपवली होती. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल दिली, रद्दी कागदावर एकेक डाग काढायला लावला. एकही मूल राहू दिलं नाही. परत येताना गाडीत तिने बाहेर बघत विचारलं होतं, "टुटू, कबूल केलं की करायला हवं ना?" आणि मोमीने, आयुष्यभर तिला हेच शिकवल्यामुळे, हो म्हटलं होतं.

फोन वाजला.

"होत आलं, टुटू," इवा म्हणाली. मागे वाऱ्याचा आवाज होता.

मोमीने डोळे मिटून देवाचे आभार मानले. "हवा कशी होती?"

"काचेसारखी. असं चित्र इथे कधी झालं नसेल."

"तू सगळं नीट केलंस ना?"

"मी वर्तुळ काढलं. मग बाहेर आले. मी दारात उभी आहे."

पलीकडे, वाऱ्याच्या मागे, मोमीला दुसरा आवाज ऐकू आला. तिच्या सगळ्या जन्माच्या ओळखीचा. कागदावर पेन्सिल चालत होती.

"हात चांगला आहे, टुटू," इवा हळू आवाजात म्हणाली, आतल्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून बोलतात तशी. तिच्या आवाजात जे होतं ते मोमीने ओळखलं. पेट्रोल भरणाऱ्या माणसाशी काच खाली करून बोलताना ते तिच्या स्वतःच्या आवाजात होतं. "नवखा आहे. पण फार चांगला आहे."

दार लावून घे, मोमीला म्हणायचं होतं. गाडीत बस, खाली ये, मागे बघू नकोस. तिने तोंड उघडलं.

"दाब जास्त देत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," इवा म्हणाली. "एकदम हलका."